पोलिश ‘तेन’ आणि इंग्रजीतले अंतर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने पोलिश व्याकरणावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण ही भाषा आपल्या भागाला अगदीच परकी नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, आणि बेळगावहून कोल्हापूर काही फार लांब नाही. त्या छावणीविषयी वाचता वाचता मी पोलिश शिकू लागले. शब्द पाठ होतात, विभक्त्याही हळूहळू बसतात. पण ‘हा’ आणि ‘तो’ यांसारखे अगदी लहान शब्द इंग्रजीत नेताना लेखणी थांबते. त्यांच्याविषयीच येथे लिहिते.

पोलिशमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. घर म्हणजे ‘दोम’, ते पुल्लिंगी, म्हणून ‘तेन दोम’. कॉफी म्हणजे ‘कावा’, ती स्त्रीलिंगी, म्हणून ‘ता कावा’. खिडकी म्हणजे ‘ओक्नो’, ती मात्र नपुंसकलिंगी, म्हणून ‘तो ओक्नो’. हा ‘तो’ आपला ‘तो’ नव्हे, आपल्या ‘हे’चा भाऊबंद, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे. कन्नडमध्ये ‘ई मने’, ‘ई हुडुग’, ‘ई हुडुगी’ असा एकच ‘ई’ सर्वांना पुरतो. इंग्रजी ‘धिस’ही तसाच. तेव्हा इंग्रजीत जाताना लिंग गळते. एकवचनात त्याने फारसे बिघडत नाही.

अनेकवचनात बिघडते. गटात एक जरी पुरुष असला तरी ‘चि’. बायका, मुले, जनावरे, वस्तू या सर्वांना ‘ते’. समजा, एखादा दुकानदार म्हणाला, “‘ते’ पैसे देऊन गेल्या, ‘चि’ अजून द्यायचे आहेत.” पोलिश माणसाला उधारी कोणाकडे आहे ते लगेच कळेल. इंग्रजीत दोन्हीकडे ‘दीज’ लिहिले तर हिशेबच लागणार नाही. तेथे ‘बायका’ आणि ‘पुरुष’ असे उघड लिहावे लागते. (आपल्याकडेही ‘ह्यांनी पैसे दिले’ म्हटल्यावर देणाऱ्या बायका की पुरुष हे कुठे कळते?)

नपुंसकलिंगी ‘तो’चे आणखी एक काम आहे. ओळख करून देताना पुढे स्त्रीलिंगी नाम असो वा अनेकवचनी, ‘तो’ बदलत नाही. ‘तो येस्त कावा’ म्हणजे ‘ही कॉफी आहे’. ‘तो सों ओक्ना’ म्हणजे ‘ह्या खिडक्या आहेत’. क्रियापद अनेकवचनी झाले तरी ‘तो’ एकवचनीच राहतो. इंग्रजीत मात्र येथे ‘दीज’ किंवा ‘दोज’च हवे. आणि ‘चास तो प्येन्योंत्स’ या म्हणीत हाच ‘तो’ दर्शक उरतच नाही. इंग्रजीत त्याच्या जागी नुसते ‘इज’ येते. मराठीत याला माझ्या मते फार नेमका शब्द आहे: वेळ म्हणजे पैसा. हा ‘म्हणजे’ इंग्रजीला मिळालेला नाही.

खरी अडचण अंतराची. मराठीत हा-तो, कन्नडमध्ये इदु-अदु, इंग्रजीत ‘धिस’-‘दॅट’: जवळ की दूर ते बोलणाऱ्याने ठरवायचेच. पोलिश ‘तेन’ तसा हट्ट धरत नाही. ‘पलीकडचा’ अशा अर्थाचा ‘ताम्तेन’ आहे, पण तो मुख्यतः दोहोंतला भेद दाखवायचा असेल तेव्हा येतो. परलोकालाही ते ‘ताम्तेन श्फ्यात’, म्हणजे ‘ते जग’, म्हणतात. शिवाय पोलिशमध्ये इंग्रजी ‘द’सारखे उपपद नाही, त्यामुळे कधी कधी ते कामही ‘तेन’ करतो. म्हणजे एका शब्दासमोर इंग्रजीचे तीन शब्द उभे, आणि निवड भाषांतरकाराची.

गोष्टीत ‘तेगो द्न्या’ आले की शब्दकोशाच्या भरवशावर ‘धिस डे’ लिहू नये. पाऊस त्या दिवशी पडत होता. तेथे ‘दॅट डे’ हवे. अशा वेळी वाक्य आधी मराठीत करून पाहावे, ही माझी रीत. ‘ह्या दिवशी’ की ‘त्या दिवशी’ हे आपल्या कानाला चटकन कळते. मात्र ही रीत सगळीकडे चालत नाही. ‘तो प्राव्दा’ याचे मराठी ‘हे खरे आहे’, पण गप्पांच्या ओघात इंग्रज तेथे ‘दॅट’ म्हणेल.

आता वळिवड्यात राहिलेली एखादी बाई आठवणी लिहीत आहे अशी कल्पना करा. तेथील अनेकांची घरे पूर्व पोलंडमध्ये होती, आणि तो मुलुख युद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेला. तिने ‘ताम्तेन दोम’ लिहिले तर प्रश्न नाही. ते मागे सुटलेले घर. पण नुसते ‘तेन दोम’ लिहिले तर? पंचगंगेकाठच्या बराकीतली खोली, की आई-वडिलांनी कुलूप लावून सोडलेले घर? पोलिशमध्ये तिला ते सांगावे लागत नाही. इंग्रजीत ‘धिस’ लिहिले तर ती अजून त्या घरातच बसली आहे, ‘दॅट’ लिहिले तर ते कायमचे दूर गेले, आणि ‘द’ लिहिले तर दोन्ही नाही. मी असे वाक्य आले की पान उलटून मागे जाते, आणि घराचा पहिला उल्लेख सापडेपर्यंत ती जागा कोरी ठेवते.