गोधडी, शिवणयंत्र आणि कापडाची चाल

गोधडी ही आपल्या घरातील अतिशय परिचयाची वस्तू आहे. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे चार-पाच थर एकावर एक अंथरायचे, त्यांवर धावदोरा घालायचा, की थंडीची सोय झाली. कोणी तिला वाकळ म्हणतात. कर्नाटकात अशाच पांघरुणाला कौदी म्हणतात. गोधडीच्या उबेविषयी आणि मायेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र या लेखात तिच्या शिवणीतील एका अडचणीचा विचार करावयाचा आहे. हाताने शिवलेली गोधडी सपाट बसते आणि तीच यंत्रावर शिवली की तिच्यावर चुण्या पडतात, असे का व्हावे?

सुट्टीत मी आत्याला तिच्या शिवणकामात मदत करते. तिच्याकडे एका बाईंनी एक गोधडी आणून दाखवली. दिवंगत आईच्या दोन लुगड्यांची ती गोधडी त्यांनी दुसरीकडे यंत्रावर शिवून घेतली होती. मधोमध कापड गोळा होऊन त्याच्या घड्या शिवणीत अडकल्या होत्या. उसवून पुन्हा शिवावे, तर जीर्ण सुताला सुईच्या भोकांतून चीर जाई. नवे कापड बाजारात मिळते. ती लुगडी पुन्हा मिळणार नव्हती. “शिवणारणीचा हात कच्चा,” असा निर्णय पाहणाऱ्यांनी लगेच दिला. आत्याने यंत्राचे फूट उचलून मला त्याखालचे दाते दाखवले आणि म्हणाली, “आधी हे कसं चालतं ते बघ, मग हाताला नाव ठेव.” या लेखातील बरेचसे विवेचन त्या पाहण्यातूनच आले आहे.

कापड पुढे कसे सरकते?

शिवणयंत्राच्या इतिहासात टाका घालण्याइतकाच कापड सरकवण्याचा प्रश्नही अवघड ठरला. एलियस हाऊ या अमेरिकन कारागिराने १८४६ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात कापड एका धातूच्या पट्टीवरील खिळ्यांना अडकवावे लागे. पट्टी संपली की शिवण थांबे, आणि कापड काढून पुन्हा लावावे लागे. पुढे १८५४ मध्ये ॲलन विल्सन याने चार हालचालींची युक्ती काढली. सुईखालच्या प्लेटमधील फटींतून दाते वर येतात, कापडाला टेकून मागच्या बाजूस सरकतात, खाली जातात आणि प्लेटखालून पुन्हा मूळ जागी येतात. आपल्या घरातील पायमशीन आजही याच तत्त्वावर चालते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दाते फक्त खालच्या कापडाला धरतात. वरचे फूट कापड दाबून धरते, पण स्वतः जागचे हलत नाही. म्हणजे सर्वांत खालच्या थराला ओढणारे कोणीतरी आहे आणि सर्वांत वरच्या थराला घासून अडवणारे कोणीतरी आहे. ब्लाउज शिवताना दोनच थर असतात, त्यामुळे हा फरक सहसा जाणवत नाही. गोधडीत चार-पाच थर असतात. प्रत्येक थर खालच्या थरावर थोडा थोडा घसरतो आणि वरचा सर्वांत मागे राहतो.

याची खात्री कोणालाही करून घेता येईल. एकाच कापडाच्या पन्नास सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, सुरुवातीची टोके जुळवावीत आणि टाचणी न लावता, न ओढता त्या सरळ शिवाव्यात. शेवटी वरची पट्टी बहुधा खालच्या पट्टीपेक्षा पुढे डोकावते. फुटाचा दाब वाढवून हाच प्रयोग केला, तर डोकावणारा भाग वाढलेला दिसतो. गोधडीवर हे वाढीव कापड फुटापुढे लाटेसारखे जमत जाते. वाटेत आडवी शिवण आली की लाटेला जायला जागा उरत नाही आणि तिची चुणी होते.

दोष आणि उपाय

पहिला दोष म्हणजे कापड मुळीच न सरकणे. अशा वेळी प्रथम टाक्याची लांबी पाहावी. ती शून्याजवळ असेल, तर दाते जागच्या जागी हलतात. काही यंत्रांत दाते खाली घेण्याची सोय असते. रफू केल्यानंतर ते वर घेण्याचे राहून जाते. दोन्ही ठीक असतील, तर प्लेटचे स्क्रू काढून आत पाहावे. जुन्या सुती कापडाची रुई फार झडते. तेलात भिजून ती दात्यांच्या ओळींत घट्ट बसते आणि मग दाते पुरेसे वर येत नाहीत. ब्रशने आणि जाड सुईच्या टोकाने ती काढावी. तेल मशीनचेच वापरावे. खोबरेल काही दिवसांनी चिकटते आणि कचरा धरून ठेवते.

दुसरा दोष, टाके कोठे लांब तर कोठे आखूड पडणे. याचे कारण पुष्कळदा यंत्राबाहेर असते. गोधडी जड, ती टेबलावरून खाली लोंबू लागली की तिचे वजन दात्यांच्या विरुद्ध ओढते. डाव्या बाजूस आणि पुढे टेबलाच्या उंचीचे बाक किंवा पेटी ठेवून तिला आधार द्यावा. यंत्राच्या कमानीखाली जागा जेमतेम वीतभर असते, म्हणून उजवीकडील भाग घट्ट गुंडाळून घ्यावा. कापड पुढे जात नाही म्हणून मागून ओढण्याची सवय मात्र टाळावी. ओढल्याने सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि तुटते.

तिसरा दोष, जाड शिवणीवर फूट अडणे. ठिगळाच्या कडेवर चढताना फुटाचे पुढचे टोक वर होते, मागचे खाली राहते आणि दात्यांची पकड सुटते. अशा वेळी तेवढ्याच जाडीची कापडाची घडी फुटाच्या मागील भागाखाली सरकवावी. फूट सपाट झाले की कापड पुन्हा चालू लागते. सुई चौदा नंबरची असेल, तर ती बदलून सोळा, आणि फारच जाडी असेल तर अठरा नंबरची लावावी. टाका तीन ते चार मिलिमीटर ठेवावा.

चौथा आणि मुख्य दोष चुण्यांचा. यंत्राच्या डोक्यावर डाव्या टोकाला दाबाचा स्क्रू असतो. तो थोडा सैल करावा. फार सैल केला, तर सुईबरोबर कापडही वर उचलले जाते आणि टाके सुटतात. म्हणून एकेक फेरा फिरवून चिंधीवर पाहावे. चिंधी त्याच कापडांच्या तितक्याच थरांची असावी आणि तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन शिवणी घालाव्यात. फुलीच्या जागी चुणी आली नाही, तर दाब योग्य आहे. नायलॉनच्या साड्या वापरावयाच्या असतील, तर सर्वांत खाली सुती थर घ्यावा, म्हणजे दात्यांना पकड मिळते.

याशिवाय ‘वॉकिंग फूट’ नावाचे एक फूट मिळते. त्याचा दांडा सुईच्या स्क्रूवर टेकतो. सुई वर जाताना या फुटाचे स्वतःचे दाते वरचे कापड धरतात आणि खालच्या दात्यांबरोबरच ते मागे नेतात. विकत घेण्यापूर्वी आपल्या यंत्राचा फूट बसवण्याचा दांडा किती उंच आहे, ते पाहावे. या फुटाने सावकाश शिवावे आणि उलटी शिवण घालू नये.

हाताची शिवण काय शिकवते?

पुष्कळ ठिकाणी हातगोधडी कडेपासून सुरू करतात आणि चौकोनामागून चौकोन घालत मध्यापर्यंत येतात. तीच रीत यंत्रावर वापरली, तर मात्र गोधडी बिघडते. मी याचे कारण शोधले, ते असे. हाताने शिवणारी बाई जमिनीवर बसते. दर चार टाक्यांनी तिचा तळहात वरच्या कापडावरून फिरतो आणि जमलेला फुगवटा तेथल्या तेथे पसरवतो. यंत्राला तो तळहात नाही. कडा आधी बंद झाल्या, तर फुगवटा आत कोंडला जातो आणि शेवटी मध्यभागी येऊन बसतो. त्या बाईंची गोधडी नेमकी तेथेच बिघडली होती.

म्हणून यंत्रावर पहिली शिवण मधोमध घालावी आणि तेथून दोन्ही कडांकडे जावे. सर्व ओळी एकाच दिशेने शिवाव्यात. एक ओळ जाताना आणि दुसरी येताना शिवली, तर वरचा थर आलटून पालटून दोन बाजूंना ढकलला जातो आणि तिरप्या सुरकुत्या पडतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिवण्यापूर्वी गोधडी जमिनीवर ताणून अंथरावी आणि वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घालावेत. यात अर्धा दिवस जातो, आणि मजुरी ठरवताना गिऱ्हाईक तो सहसा धरत नाही. परंतु थरांना एकत्र धरून ठेवण्याचे जे काम हातशिवणीत तळहात करतो, ते यंत्रावर हे कच्चे टाकेच करतात.

ज्या भगिनी शिवणकामावर घर चालवतात, त्यांना एका बिघडलेल्या गोधडीपायी मजुरी गमवावी लागते आणि वर बोलही ऐकावा लागतो. दोष दात्यांत आहे, दाबात आहे, वजनात आहे की शिवणीच्या क्रमात, हे ओळखता आले, तर तो दुरुस्त करता येतो. ‘हात कच्चा’ म्हटल्याने काहीच दुरुस्त होत नाही. माझ्या मैत्रिणींना एवढेच सुचवावेसे वाटते, की घरातील कोणाची जुनी लुगडी यंत्रावर घेण्यापूर्वी आधी चिंधीवर ती फुली शिवून पाहावी आणि कच्च्या टाक्यांचा अर्धा दिवस मजुरीत धरावा.