धावताना छाती धडधडते? आधी नाडी मोजा

पोलीस भरतीसाठी वस्तीतली पोरं-पोरी पहाटेच मैदानावर असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. धावताना छाती धडधडणारच. पण किती?

२२० मधून वय वजा करा. विसाव्या वर्षी साधारण २०० ठोके ही वरची मर्यादा. हा अंदाज आहे, थोडाफार फरक असतो. थांबल्याबरोबर मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. एका मिनिटाने पुन्हा मोजा. आकडा स्पष्ट उतरायला हवा.

हळू धावूनही नाडी फार वाढते? ताप, कमी पाणी, अपुरी झोप, अंगात रक्त कमी असणं किंवा थायरॉईड हे कारण असू शकतं. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. विदर्भातल्या घरांनी सिकलसेलचीही तपासणी करून घ्यावी. तापात धावू नका.

छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, ठोके वेडेवाकडे पडले किंवा दहा मिनिटं बसूनही धडधड थांबली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धावताना कुणी बेशुद्ध पडलं तर १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर मदत येईपर्यंत छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाबत राहा. शुद्धीवर आलं तरी ईसीजी काढून डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पुन्हा धावायचं नाही. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

भरतीतून नाव जाईल या भीतीने पोरं हे लपवतात. आईबाबांनो, रागावू नका, जवळ बसवून विचारा. भरती पुन्हा निघेल, लेकरू पुन्हा मिळणार नाही.