पाण्यात पडलेली उसनी कुऱ्हाड

शास्त्रपाठ : 2 राजे 6:1-7, 1 पेत्र 5:5-7, नहेम्या 2:1-5

मोठ्या संकटात देवाला हाक मारायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. घरातले माणूस आयसीयूमध्ये असले, नोकरी गेली, ठरलेले लग्न मोडले, की आपण गुडघे टेकतो, उपास करतो, मंडळीतल्या सर्वांना प्रार्थनेसाठी निरोप पाठवतो. पण सकाळी नळाला पाणी आले नाही, ऑफिसात एकाच माणसाचे टोमणे रोज ऐकावे लागतात, 25 तारखेलाच पाकिटात दोनशे रुपये उरलेत, तेव्हा? तेव्हा आपण म्हणतो, "एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला कशाला त्रास द्यायचा?" ऐकायला हे नम्रतेचे बोलणे वाटते. ते खरेच तसे आहे का, हे आज वचनातून पाहू.

2 राजे 5 मध्ये अरामाचा सेनापती नामान कोडापासून शुद्ध होतो. पुढे 6:8 पासून अरामाचा राजा इस्राएलाशी लढतो आणि अलीशाच्या सेवकाला डोंगरभर अग्निरथ दिसतात. या दोन मोठ्या घटनांच्या मधोमध सात वचने एका कुऱ्हाडीसाठी खर्ची पडली आहेत. संदेष्ट्यांच्या शिष्यांना राहायची जागा अपुरी पडत होती, म्हणून ते यार्देनेकाठी लाकडे तोडायला गेले. त्यांच्या विनंतीवरून अलीशाही सोबत गेला. लाकूड तोडता तोडता एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून पाण्यात पडले. तो कळवळून अलीशाला सांगतो की ती मागून आणलेली होती.

त्या काळी लोखंड आजच्यासारखे स्वस्त नव्हते. ज्याला स्वतःची कुऱ्हाड घेणे जमत नाही, तो दुसऱ्याची भरून कुठून देणार? राजवाड्यातल्या कोणाला ही बातमीही वाटली नसती. त्या माणसाची मात्र रात्रीची झोप गेली असती.

अलीशा त्याला हसत नाही, निष्काळजीपणाबद्दल बोलही लावत नाही. तो एकच गोष्ट विचारतो : कुठे पडली? तो माणूस जागा दाखवतो. अलीशा एक लाकूड तोडून तिथे टाकतो आणि लोखंड वर येते. त्या लाकडात वधस्तंभाचे चिन्ह पाहणारे आहेत, आणि तो अर्थ मी नाकारत नाही. पण मला स्वतःला अलीशाच्या त्या प्रश्नाने जास्त अडवले आहे. आपल्या बहुतेक प्रार्थनांत जागाच नसते. "प्रभू, आमच्या घराला आशीर्वाद दे" असे आपण म्हणतो. नेमके कुठे काय बुडाले आहे ते सांगत नाही.

माझी जागा

माझे वडील आमच्याजवळ राहतात. वय 82, आणि आता विसरायला होते. रोज सकाळी ते विचारतात, "दूध आलं का?" सांगितले की मान हलवतात. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला माझा आवाज बदलायचा. शनिवारी रात्रीच्या प्रार्थनासभेत मी देशातल्या राज्याराज्यांतील सेवेसाठी तासभर मध्यस्थी करायचो आणि रविवारी सकाळी त्याच तोंडाने वडिलांवर खेकसायचो. याविषयी मी कधी प्रार्थना केली नव्हती. हा प्रार्थनेचा विषय आहे असे वाटलेच नव्हते. थोडी चिडचिड, एवढेच.

मग एके दिवशी माझी मुलगी आजोबांना म्हणाली, "सांगितलं ना एकदा!" शब्द माझे, सूरही माझाच. वडील खाली बघत बसून राहिले.

त्या आठवड्यात मी 1 पेत्र 5 पुन्हा वाचले. आपल्या चिंता देवावर टाकाव्यात हे सातवे वचन आपण कॅलेंडरवर, फ्रेमवर, सगळीकडे एकटेच वाचतो. मूळ ग्रीक भाषेत ते स्वतंत्र वाक्य नाही. देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा, या सहाव्या वचनाला ते जोडलेले आहे. म्हणजे लीन कसे व्हायचे, तर ओझे त्याच्यावर टाकून. 'टाकणे' यासाठी तिथे जे क्रियापद आहे, ते नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येते : लूक 19:35, जिथे शिष्य आपली वस्त्रे शिंगरावर टाकतात. आपल्या अंगावरचे काढून दुसऱ्याच्या पाठीवर घालणे. आणि पेत्र 'सर्व' चिंता म्हणतो. कोणत्या आकाराच्या, ते सांगत नाही.

तेव्हा मला माझा गर्व दिसला. "एवढ्याशासाठी देवाला कशाला" याचा खरा अर्थ "एवढे मी सांभाळतो" असा होता, आणि मला ते सांभाळता येत नव्हते. यरीहोच्या विजयानंतर आय नगराविषयी हेरांनी यहोशवाला असेच सांगितले होते की लोक थोडे आहेत, सर्वांना कशाला शिणवायचे (यहोशवा 7). सुमारे 3000 माणसे गेली, 36 मारली गेली, बाकीचे पळत आले. पराभवाचे मूळ आखानाचे पाप होते हे खरे. पण निघण्याआधी यहोशवाने परमेश्वराला विचारल्याची नोंद त्या अध्यायात नाही. विचारले असते तर ते पाप आधीच उघड झाले नसते का?

प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये

नहेम्याने यरुशलेमेसाठी किसलेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, उपासाने आणि अश्रूंनी प्रार्थना केली. मग राजाने अचानक विचारले, तुला काय पाहिजे? नहेम्या 2:4-5 नीट वाचा. राजाचा प्रश्न आणि नहेम्याचे उत्तर यांच्यामध्ये तो स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो. तिथे डोळे मिटायला वेळ नव्हता. एका श्वासापुरतीच ती प्रार्थना असणार. पण त्या श्वासामागे चार महिने होते. सकाळी देवाजवळ बसायचे नाही आणि ऐन वेळी श्वासभर प्रार्थनेवर निभावून न्यायचे, असे मला तरी जमलेले नाही.

म्हणून आता पहाटेच्या प्रार्थनेत मी जागा दाखवतो : प्रभू, सात वाजता, स्वयंपाकघराच्या दारात, तिसऱ्या प्रश्नाला मी बुडतो. मग तो प्रश्न आला की उत्तर देण्याआधी एक श्वास घेतो आणि मनात येशूचे नाव घेतो.

लोखंड वर आल्यावर अलीशाने त्या माणसाला ते उचलून घ्यायला सांगितले आणि त्याने हात पुढे केला, हेही विसरू नका. देवावर विसंबणे म्हणजे काठावर हात बांधून बसणे नव्हे. वडिलांना मी डॉक्टरांकडे नेले, जे आधीच करायला हवे होते. मुलीसमोर त्यांची क्षमा मागितली. ते मला फार जड गेले. आणि त्यांच्या खुर्चीसमोर एक पाटी टांगली आहे. दूध आले की मुलगी तिच्यावर खडूने लिहिते, "दूध आलं आहे."

वडिलांची स्मृती परत आलेली नाही. मीही काही सकाळी हरतो. मग संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसतो.

काल त्यांनी पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि माझ्याकडे बघून विचारले, "दूध आलं का?"

"आलं, पप्पा. चहा ठेवू?"