पुठ्ठ्याचे ग्रह आणि दशावतारी बाकडं

प्रश्न : माझं लहानपण लोअर परळला बीडीडी चाळीत गेलं. रस्त्याचं नाव ना. म. जोशी मार्ग, आम्ही अजून डिलाईल रोडच म्हणतो. गिरण्यांच्या संपानंतरची ती वर्षं. आमच्या मजल्यावर एकाच घरी टीव्ही होता, कृष्णधवल, शटरवाला. रविवारी सकाळी त्यावर ‘स्टार ट्रेक’ लागायचं आणि दाराबाहेरच्या चपला मोजल्या की आत किती पोरं आहेत ते कळायचं. इंग्रजी कुणाला धड येत नव्हतं, तरी भाग चुकवला नाही. परवा बारावीतल्या मुलाला हौसेनं त्यातला एक भाग दाखवला. तो हसतच सुटला. म्हणाला, ‘बाबा, सगळं पुठ्ठ्याचं आहे. प्रत्येक ग्रहावर तेच दगड. कॅप्टन काम सोडून डायरी काय सांगत बसतो? लाल शर्टवाला मरणार हे पहिल्या मिनिटाला कळतं. आणि पुढच्या भागात कुणाला काही आठवतच नाही!’ मला उत्तर सुचलं नाही. आम्ही एवढे भोळे होतो का? (एक वाचक, लोअर परळ)

उत्तर : भोळे नव्हतात. पण मुलाची नजर चांगली आहे, त्याचं एकही निरीक्षण खोडता येत नाही. पुठ्ठा होता, प्लायवूड होतं, रंगवलेले खोटे खडक होते. यानाचे दरवाजे आपोआप सरकल्यासारखे दिसतात ना? भिंतीमागे माणूस उभा असायचा, दोरी ओढायला. त्याचा हात जरा उशिरा चालला की नट दारावर आपटायचा.

‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 8 सप्टेंबर 1966 ते 3 जून 1969 या काळात दाखवलं गेलं. एकूण भाग 79. एका भागाचा खर्च दोन लाख डॉलरच्या आत बसवायचा आणि त्यात दर आठवड्याला एक नवं जग उभं करायचं. निर्माता जीन रॉडनबेरीनं ही कल्पना वाहिनीच्या गळी उतरवली ती ‘वॅगन ट्रेन’ या तेव्हाच्या लोकप्रिय मालिकेचं नाव घेऊन. तिच्यात पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांचा तांडा, दर आठवड्याला नवा मुक्काम, नवी भानगड. तेच आता ताऱ्यांमध्ये करू, असं त्याचं म्हणणं. आपल्याला हे समजायला अमेरिकन गाड्यांची गरज नाही. पांडवांची वणवण आठवा. एका वनात हिडिंब, एकचक्रेत बकासुर, पुढे किर्मीर. मंडळी तीच, फक्त अरण्य बदलायचं.

अरण्य बदलायला मात्र पैसे लागतात. म्हणून स्टुडिओत एकदाच खडक करून ठेवले, मागे मोठा पडदा टांगला आणि त्यावर दर वेळी वेगळ्या रंगाचा प्रकाश सोडला. आज जांभळं आकाश, पुढच्या खेपेला हिरवं. झाला नवा ग्रह! तुमच्या मजल्यावरच्या कृष्णधवल टीव्हीत ही सगळी आकाशं चाळीच्या भिंतीसारखी एकाच करड्या रंगाची दिसत असणार, म्हणजे त्या युक्तीतला निम्मा भाग तुमच्यापर्यंत पोचलाच नाही, तरी तुम्ही ग्रह मानलात. कधी पैसे जमले की मंडळी लॉस एंजेलिसबाहेरच्या वास्केझ रॉक्सला जायची. तिथले तिरके उभे कडे ‘अरीना’ या भागात आहेत, जिथे कॅप्टन कर्क सरड्यासारख्या गॉर्नशी झुंजतो आणि गंधक, कोळसा, सोरा गोळा करून बांबूची तोफ बनवतो.

आणि ग्रहावरची माणसं आपल्यासारखीच का? स्टुडिओच्या कपाटात जुन्या चित्रपटांचे कपडे पडून होते. म्हणून एका ग्रहावर रोमन साम्राज्य निघालं, एकावर शिकागोचे गुंड, एकावर चक्क नाझी. मग लेखकांनी कथेतच नियम टाकला की सारख्या ग्रहांवर इतिहासही सारखाच घडत जातो. आधी कपडे, मागून सिद्धांत. आपल्याकडे नाटक कंपनीत शालू शिल्लक आहेत म्हणून राणीचा प्रवेश वाढवला असेल, तर त्याला निदान कुणी शास्त्र म्हटलं नाही.

मला सर्वांत आवडतो तो मिठदाण्यांचा किस्सा. पहिल्या प्रसारित भागात मीठ खाणारा एक प्राणी आहे. त्यासाठी भविष्यकाळात शोभतील अशा तऱ्हेवाईक मिठदाण्या बाजारातून आणल्या. त्या इतक्या तऱ्हेवाईक निघाल्या की पडद्यावर त्या मिठदाण्या आहेत हेच कळेना. साध्या मिठदाण्या कॅमेऱ्यापुढे गेल्या आणि या डॉक्टर मकॉयच्या हाती आल्या, रोगी तपासण्याचं उपकरण म्हणून. तीन वर्षं त्या डॉक्टरनं मिठदाणी फिरवून निदान केलं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. पुठ्ठा दिसत असूनही तुम्ही का बसून राहिलात? माझ्या मते तुमच्या मजल्यानं हे आधीच पाहिलेलं होतं, दुसऱ्या नावानं.

गिरणगावात निम्मं कोकण राहत होतं आणि कोकणाबरोबर दशावतारही मुंबईला आला होता. परळचं दामोदर नाट्यगृह ज्या सोशल सर्व्हिस लीगचं, ती 1911 मध्ये काढली त्याच ना. म. जोशींनी, ज्यांचं नाव तुमच्या रस्त्याला आहे. कामगारांची नाटकं तिथे झाली, दशावतारही झाला. दशावतारात रंगमंचावर सामान काय? एक बाकडं. राजा त्यावर बसला की ते सिंहासन, देव उभा राहिला की कैलास. आणि राजाला हस्तिनापुराहून द्वारकेला जायचं असेल तर तो काय करतो? रंगमंचावर एक फेरी मारतो. मृदंग वाजतो, पायपेटी साथ देते, फेरी पुरी झाली की द्वारका आली. वाचक घाटावरचे असतील तर तमाशातली गवळण आठवा, मथुरेचा बाजार तिथेही चार पावलांवरच असतो.

‘स्टार ट्रेक’मधला ट्रान्सपोर्टर म्हणजे हीच फेरी. रॉडनबेरीच्या मूळ विचारात यान ग्रहावर उतरायचं होतं. पण छोट्या प्रतिकृतीनं दर आठवड्याला यान उतरवून दाखवायचा खर्च परवडेना. तेव्हा ठरलं की माणसं चकाकत विरघळावी आणि खाली पुन्हा उमटावी. ती चकाकीही स्वस्तातली. प्रकाशझोतात ॲल्युमिनियमची पूड सोडायची आणि उलट्या धरलेल्या कॅमेऱ्यानं तिचं चित्रण करायचं. पण सोय झाली की तिची अडचणही होते. संकट आलं की ‘वर ओढून घ्या’ म्हटलं की कथा संपली. म्हणून जवळपास दर दुसऱ्या भागात ट्रान्सपोर्टर बिघडतो, नाहीतर वादळ आड येतं, नाहीतर संपर्कयंत्र हरवतं. सुरुवातीच्या एका भागात तर यानाचा चालक सुलू आणि त्याचे साथीदार थंडीनं गोठायला आलेत आणि यानावर छोटी होडी असती तर पाच मिनिटांत सुटले असते. होडी नव्हती, कारण ती अजून बनवूनच झाली नव्हती! ती पडद्यावर आली जानेवारी 1967 मध्ये.

कॅप्टनची डायरी हा सरळ सूत्रधार आहे. अमेरिकेत भागाची बांधणी जाहिरातींवर बेतलेली असायची. सुरुवातीला एक झटका, मग चार अंक, प्रत्येक अंकाच्या शेवटी कुणाच्या तरी मानेवर सुरी आणि लगेच साबणाची जाहिरात. जाहिरात संपून प्रेक्षक परत आला की त्याला गोष्टीची आठवण करून द्यायला कर्कचा आवाज. नुसती आठवण नाही, कंजूषपणाही त्यात होताच. जे चित्रित करायला महाग, ते डायरीत सांगून मोकळं व्हायचं. त्यातले ते ‘स्टारडेट’चे आकडे मुद्दाम निरर्थक ठेवले होते, कुठलं साल आहे यात कुणी अडकू नये म्हणून. आपल्या दूरदर्शनवर तेव्हा जाहिराती कार्यक्रमाआधी एकगठ्ठा उरकत. त्यामुळे तुम्हाला दिसायचं ते असं : कर्कच्या अंगावर राक्षस धावला, संगीत कडाडलं, पडदा काळा झाला, आणि क्षणात पुन्हा तोच राक्षस तिथेच उभा. वर कॅप्टन शांतपणे सांगतोय की अंगावर राक्षस धावून आला आहे. मुलाला हे हास्यास्पद वाटलं यात नवल नाही. मधली जाहिरात काढून घेतली की सूत्रधार वेड्यासारखा दिसतो. 1984 मध्ये ‘हम लोग’च्या प्रत्येक भागाअखेर अशोककुमार येऊन बोलायचे ते कुणाला खटकलं का? सूत्रधाराची जागा योग्य होती.

लाल शर्टाचं मात्र गंमतशीर आहे. गणवेशांचे रंग ठळक ठेवण्यामागे धंदाही होता. एनबीसी ही आरसीए कंपनीची आणि आरसीए रंगीत टीव्ही संच विकायची. तेव्हा गणवेश असे हवेत की शेजाऱ्याकडे पाहून आपणही रंगीत संच घ्यावा. सुरक्षा आणि यंत्रशाळेतल्या लोकांना लाल आला, आणि ग्रहावर धोका दाखवायला मारायचे तेच, कारण कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक पुढच्या आठवड्याला लागणार. पण तुमच्या मजल्यावरच्या टीव्हीत लाल आणि निळा सारखाच राखाडी! तरीही कोण मरणार ते चाळीतल्या पोरांना कळत असणार, मी पैज लावतो. रंगावरून नव्हे. ज्याला आजवर कधी पाहिलं नाही, ज्याचं नाव आज पहिल्यांदा घेतलं आणि जो कर्कच्या पुढे चालतोय, तो गेला. भीम एकचक्रेत पोचण्याआधी गाडाभर अन्न घेऊन बकासुराकडे गेलेल्या माणसांची नावं महाभारतानं तरी कुठे दिली? राक्षस किती मोठा हे दाखवायला ती माणसं लागतात, एवढंच. हा संकेत मला आवडत नाही, हे सांगून टाकतो. गिरण्यांच्या वस्तीत बसून बिननावाच्या माणसांचं मरण मोजपट्टीसारखं वापरलेलं बघणं आज तरी जड जातं.

‘पुढच्या भागात कुणाला काही आठवत नाही’ याचं कारण व्यापारी आणि अगदी साधं. मालिका पुढे गावोगावच्या केंद्रांना विकली जायची आणि कुठलं केंद्र कुठला भाग आधी लावेल याचा नेम नसे. म्हणून शेवटी सगळं होतं तिथे आणून ठेवायचं. एका भागात, ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’मध्ये, जग वाचवण्यासाठी कर्क आपल्या प्रेयसीला डोळ्यांदेखत मरू देतो. पुढच्या आठवड्याला तिचं नाव नाही. मला लहानपणी हे निर्दय वाटायचं. पण याच निर्दयपणामुळे एखाद्या रविवारी तुम्ही गावाला गेला असाल तरी काही बिघडलं नाही. दशावताराचंही तसंच. आज वालीवध पाहिलात, उद्याच्या आख्यानाला त्याची माहिती लागत नाही. उलट रीत ब्रिटिश ‘डॉक्टर हू’ची, 1963 पासूनची. तिथे गोष्ट आठवडे न् आठवडे चालायची आणि प्रत्येक भाग टांगता ठेवून संपायचा. 1966 मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल प्रकृतीमुळे मालिका सोडून गेले तेव्हा निर्मात्यांनी डॉक्टरचं शरीरच बदलून टाकलं. नट गेला, पात्र राहिलं. आमच्या नाटक कंपन्यांनी हे विज्ञान न सांगता केलं होतं.

भाषेचं तुम्ही लिहिलंत ते मला फार महत्त्वाचं वाटतं. यानात सगळे परग्रहवासी इंग्रजी बोलतात कारण त्यांच्याकडे भाषांतराचं यंत्र आहे. तुमच्याकडे बहुधा मजल्यावरचा एखादा मॅट्रिक झालेला दादा असणार, जो ‘तो म्हणतोय की यान फुटणार’ एवढं सांगून गप्प बसायचा. एवढंच पुरतं, कारण साचा ठरलेला होता. स्पॉकची भुवई वर गेली की विस्मय, डॉक्टर चिडला की माणुसकी, कर्कचा शर्ट फाटला की आता मारामारी. दशावतारात राजाचा मुकुट आणि संकासुराची लांब लाल जीभ पाहून संवादाआधीच ओळख पटते, तसं.

पुढे आपल्याकडेही हे साचे आले. ऐंशीच्या दशकाअखेर ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली. तिच्यातला कॅप्टन तारा आणि खलनायक जखाकू त्या वयाच्या माणसांना विचारून बघा, चेहरे उजळतात. 1998 मध्ये केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ आली. नायक मिलिंद सोमण, शिवाजी पार्कला वाढलेला. काळ 2123, गुरूच्या एका चंद्रावरच्या तुरुंगातून बारा गुन्हेगार पळालेले आणि त्यांना एकेक करून पकडायचं. बारा गुन्हेगार म्हणजे दर थोड्या भागांनी नवा राक्षस. वणवण इथेही संपली नव्हती!

मराठी विज्ञानकथेनं मात्र हा मार्ग घेतला नाही. कुलाब्याच्या टाटा संशोधन संस्थेत असताना जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली, तीही आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून नारायण विनायक जगताप या नावानं. त्यांच्या कथेत गणित आधी आणि धावपळ नंतर. कागदावर ग्रह उभारायला पैसे लागत नाहीत, म्हणून तिथे ही काटकसरीची कौशल्यं जन्मलीच नाहीत, असं मला वाटतं. तुम्हाला रविवारी ज्याचं वेड लागलं ते त्या काटकसरीचंच होतं.

मुलाला आणखी एक दाखवा. शत्रूचा मारा सुरू झाला की यान हेलकावे खातं आणि सगळे खुर्च्यांवरून कोलमडतात. खोली मुळीच हलत नव्हती. कॅमेरा एका बाजूला झुकवायचे आणि नट दुसऱ्या बाजूला झोक देत पडायचे. तो प्रसंग लागला की फोन उलट दिशेला तेवढाच तिरका धरायला सांगा. यान सरळ होईल, आणि त्यात सात-आठ मोठी माणसं, कुणी धक्का न देता, एकदम डावीकडे झुकलेली दिसतील.