नऊ रात्रींची जागल

आमच्याकडे रानडुकरं आणि रोही यांच्यापासून पीक राखायला शेतकरी रात्री जागलीला जातो. हातात काठी, टॉर्च, आणि डोळा लागू द्यायचा नाही, एवढंच भांडवल. खामगाव भागातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी एकोणीस वर्षं व्यवस्थापक होतो. जागल शेतातच नव्हे, कारखान्यातही करावी लागते, हे मला तिथे कळलं.

खामगावाला कापूस नवा नाही. १८७० साली कापसासाठीच जलंबहून इथपर्यंत रेल्वेचा फाटा आला. आणि कापूस आला तिथे कापसाची आगही आली. म्हणून आमच्या आवारात जमिनीखालून पाण्याची लाइन होती. जागोजागी हायड्रंट, मोठी टाकी, दोन पंप. एका जानेवारीत भरलेला ट्रक वजनकाट्याजवळ खचला आणि ती लाइन चाकाखाली फुटली. टाकी भरलेली, पंप ठणठणीत, पण नळाला थेंब नाही. हंगाम भरात होता, शेठ जिन थांबवायला तयार नव्हते. मग नऊ दिवस आणि नऊ रात्री पाण्याचं काम माणसांच्या डोळ्यांवर सोपवलं. त्यातून शिकलो ते सांगतो.

१. पाणी बंद झालं ती वेळ आधी लिहा, मग सगळ्यांना सांगा.
दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी आम्ही मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. 'उगाच बोभाटा नको' असं ऑफिसात कुणीतरी म्हणालंच. मी तिघांना कळवलं: नगर परिषदेच्या अग्निशमन विभागाला, विमा कंपनीला आणि प्रत्येक पाळीच्या मुकादमाला. आपल्याकडे पाणी नाही हे बंबवाल्यांना आधीच माहीत असेल, तर ते टँकरची सोय धरूनच निघतात. अमेरिकेच्या एनएफपीए संस्थेच्या संहितेत एक हिशेब आहे. २४ तासांत स्प्रिंकलर १० तासांपेक्षा जास्त किंवा आगीचा अलार्म ४ तासांपेक्षा जास्त बंद राहणार असेल, तर इमारत रिकामी करा, नाहीतर पहारा बसवा. मी हे पुष्कळ नंतर वाचलं. आमची लाइन दोनशेहून जास्त तास बंद होती.

२. भिंतीवरचं प्रमाणपत्र आग विझवत नाही.
महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. आमचं त्याच महिन्यात झालं होतं. ऑफिसात ताजा कागद आणि बाहेर कोरडा हायड्रंट, असं ते दृश्य होतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० नवजात बाळं गेली. त्यानंतर राज्यभर तपासण्या झाल्या, फायली जाड झाल्या. फाइल हवीच. पण आज रात्री पाणी येतं का, हे फाइलला विचारून उपयोग नाही.

३. गेटवरच्या माणसाला हे काम देऊ नका.
ही माझी जुनी चूक. काही वर्षांपूर्वी पंपाची मोटर जळाली, तेव्हा मी गेटच्या चौकीदाराला सांगितलं, 'जरा मागेही लक्ष ठेव.' तो बिचारा ट्रकचे नंबर लिहीत होता, साखळी सोडत होता, ड्रायव्हरांशी हुज्जत घालत होता. मागची कापसाची गंजी आतून धुमसत होती. धूर गेटपर्यंत आला तेव्हा अर्धी गंजी गेली होती. रागावलो त्याच्यावर, पण चूक माझी होती. चोर गेटातून येतो, आग येत नाही. आगीच्या राखणदाराला दुसरं काम द्यायचं नाही, चहा आणायचंसुद्धा.

४. माणसं पाळ्यांच्या हिशेबाने मोजा.
दोन जागा होत्या: जिन हाउस आणि गंज्यांचं पटांगण ही एक, प्रेस आणि गोदाम ही दुसरी. आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे सहा जण, आणि सुट्टीचा खाडा भरायला सातवा. बारा तासांच्या दोन पाळ्या स्वस्त पडतात, पण पहाटे तीनला तो माणूस उभा असतो, जागा नसतो. शेठनी आकडा ऐकून कपाळाला हात लावला. एका गठाणीत १७० किलो रुई असते. सगळा पहारा दोन गठाणींच्या किमतीत बसला. आणि मिस्त्रीने 'दोन दिवसांत करून देतो' म्हटलं, तर पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीशी आठवड्याचं बोलून ठेवा. एजन्सीकडे खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना आहे ना, तेही बघा.

५. माणूस निवडताना गणवेश नको, नाक बघा.
पहिल्या दिवशी आलेल्या सहांपैकी तिघांच्या खिशात बिडी-काडी निघाली. काडेपेट्या गेटवर ठेवून घेतल्या, एकाला परत पाठवलं. त्याच्या जागी जवळच्या खेड्यातले पंचावन्नच्या घरातले एक काका आले. रात्रीची सवय आहे का विचारलं, तर म्हणाले, 'साहेब, आंगात ताप असला तरी जागली चुकवली नाई.' पुढची मुलाखत मी घेतलीच नाही.

६. यंत्र थांबलं की खरा पहारा सुरू होतो.
कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा रोलरवर आपटला की ठिणगी उडते. ती तिथेच पेटली तर बरं, दिसते तरी. पण ती रुईबरोबर पुढे जाते, दडपली जाते आणि तासन् तास आतल्या आत जगते. जिन बंद होते, कामगार घरी जातात, सगळं शांत होतं, आणि मग ती वर येते. म्हणून शेवटच्या पाळीनंतरच्या फेऱ्या मी वाढवल्या. दर वीस मिनिटांनी एक. गठाणींवर हाताची पालथी बाजू टेकवायची, गंजीवरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला उभं राहून वास घ्यायचा, पॅनेलच्या खोलीत कान द्यायचा.

७. वही खोटं बोलू शकते.
दुसऱ्या सकाळी एका पाळीच्या वहीत सगळ्या फेऱ्या एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या. तेव्हापासून सहा ठिकाणी खडू ठेवला. प्रत्येक फेरीला तिथल्या भिंतीवर रेघ ओढायची. वही बसून भरता येते, भिंतीपर्यंत चालावंच लागतं.

८. हातात साधनं द्या आणि तोंडात हुकूम द्या.
टॉर्च, शिट्टी, बंबाचा नंबर, पाण्याने भरलेले ड्रम आणि बादल्या. पावडरचे सिलिंडर होतेच, पण कापसावर पावडर फसवते: वरची ज्वाळा बसते, आतला निखारा तसाच राहतो. गोदामामागे मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून शाळेत असतो तसा रुळाचा तुकडा टांगला. आधी टोला, मग फोन, मग बादली, हा क्रम पाठ करून घेतला. आणि सगळ्यांसमोर सांगितलं की राखणदार 'बंद' म्हणाला तर मशीन बंद होणार, मला विचारायचं नाही.

चौथ्या रात्री हे कामी आलं. काका गोदामातून आले आणि म्हणाले, 'भाऊ, जयका वास येऊन रायला, पण दिसत काई नाई.' प्रेस थांबवली. थप्पीतल्या एका गठाणीला हात लावला तर गरम. फोरमन तिथेच पट्ट्या कापायला निघाला होता, त्याला आवरलं. आतल्या आगीला गोदामात हवा मिळाली असती तर सगळी थप्पी पेटली असती. हातगाडीवरून गठाण मोकळ्या पटांगणात नेली, ड्रम जवळ आणले, मगच पट्ट्या तोडल्या. मधोमध नारळाएवढा लाल निखारा होता. नुकसान एका गठाणीचं झालं.

९. दुरुस्ती झाली म्हणून पहारा उठवू नका, पाणी बघून उठवा.
नवव्या दिवशी मिस्त्रीने पाइप जोडला, पंप सुरू झाला, काट्यावर दाब दिसला. मी एजन्सीला फोन लावायला वळलो. काका पाळी संपूनही उभेच होते. म्हणाले, 'साहेब, गोदामामागचा तो दांडा नऊ रात्रीपासून आडवाच हाय. तो असाच ठेवाचा का?'

दांडा आडवा म्हणजे व्हॉल्व्ह बंद. काम सुरू करताना कुणीतरी फिरवला होता, उघडायचा राहिला होता. जिथे गठाण पेटली, त्याच गोदामाकडे पाणी जाणार नव्हतं. दांडा उभा केला, तिथल्या हायड्रंटला होज जोडला, धार भिंतीवरच्या खडूच्या रेघांवर मारली. रेघा धुऊन गेल्यावर काकांनी काठी उचलली आणि गावाच्या वाटेला लागले.