यंत्र बुद्धिबळ कसे शिकले

बुद्धिबळाचा उगम भारतात झाला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. प्राचीन काळी या खेळास ‘चतुरंग’ म्हणत. कारण हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे त्याच्या पटावर मांडलेली असत. येथून तो इराणात व अरबस्तानात गेला आणि पुढे युरोपात पोचला. जपानातील ‘शोगी’ हा खेळही याच कुळातला मानला जातो. माणसे शतकानुशतके हा खेळ एकमेकांस शिकवीत आली. विसाव्या शतकात मात्र काही विद्वानांपुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला : हा खेळ यंत्राला शिकविता येईल काय?

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. पटावर घरे अवघी ६४. परंतु पहिल्याच चालीच्या वेळी पांढऱ्यापुढे २० पर्याय असतात आणि काळ्यापुढेही तितकेच. दोघांची एकेक चाल होते न होते, तोच ४०० निरनिराळ्या शक्यता निर्माण होतात. अमेरिकेतील गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. एकंदर किती डाव संभवतात याचा त्यांनी अंदाज केला, तेव्हा ती संख्या एकावर १२० शून्ये एवढी मोठी निघाली! सर्व डाव तपासून पाहणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले नव्हते.

मग शॅनन यांनी एक मार्ग सुचविला. यंत्राने शेवटपर्यंत न पाहता पुढच्या काही चालींपर्यंतच पाहावे आणि तेथे पटाचे मोल करावे. प्याद्याला १, घोड्याला व उंटाला प्रत्येकी ३, हत्तीला ५ आणि वजिराला ९ गुण द्यावेत. मोहऱ्यांच्या जागाही विचारात घ्याव्यात. प्रतिस्पर्धी नेहमी आपली उत्तमात उत्तम चाल करील, असे गृहीत धरावे आणि त्यातूनही जी चाल आपल्या हिताची ठरेल, ती निवडावी.

इंग्लंडमधील गणितज्ञ ॲलन ट्युरिंग हेही याच प्रश्नाचा विचार करीत होते. त्यांनी यंत्रासाठी सूचनांची एक मालिका, म्हणजे आज्ञावली, रचली. पण ती चालविणारे यंत्र त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून १९५२ साली ते स्वतःच यंत्र झाले! कागदावर आकडेमोड करून आज्ञावली सांगेल तीच चाल ते खेळत. त्या डावात आज्ञावली हरली. परंतु मार्ग खुला झाला.

पुढे या मार्गावर अनेकांनी भर घातली. समजा, आपल्या एका चालीला उत्तर म्हणून प्रतिस्पर्धी आपला वजीर फुकट मारू शकतो. मग त्या चालीला आणखी कोणकोणती उत्तरे आहेत, हे पाहत बसण्यात काय अर्थ? ती चाल तेथेच सोडून द्यावी. या साध्या युक्तीने यंत्राचे कितीतरी श्रम वाचले. १९७० साली अमेरिकेतील ॲल्बर्ट झोब्रिस्ट यांनी दुसरी युक्ती सांगितली. मोहऱ्यांचे प्रकार १२ आणि घरे ६४. तेव्हा ‘या घरात हे मोहरे’ अशा ७६८ जोड्या होतात. प्रत्येक जोडीला एकेक स्वैर संख्या द्यावी आणि त्या संख्यांच्या मिश्रणातून पटाच्या मांडणीची खूण तयार करावी. तीच मांडणी दुसऱ्या वाटेने पुन्हा आली, तर यंत्र खुणेवरून तिला ओळखते आणि पूर्वीचा हिशेब उपयोगात आणते.

या शोधकांनी आपल्या युक्त्या तिजोरीत कुलूपबंद केल्या नाहीत. लिहून जगापुढे ठेवल्या. पुढे लहान संगणक घरोघरी आले, तेव्हा हौशी मंडळींना आयतीच शिदोरी मिळाली. दिवसभर आपापला उद्योग करून रात्री ही माणसे आज्ञावली लिहीत. काय साधले तेवढेच नव्हे, तर काय फसले, हेही ती एकमेकांस कळवीत. त्यामुळे एकाने खाल्लेली ठेच दुसऱ्याला खावी लागत नसे.

१९९७ साली आय.बी.एम. कंपनीच्या ‘डीप ब्लू’ या प्रचंड यंत्राने जगज्जेता गॅरी कास्पारोव याला सहा डावांच्या सामन्यात हरविले. ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी मांडण्या तपासत असे. परंतु त्या सामन्यानंतर ते पुन्हा खेळले नाही. त्याचे भाग आता संग्रहालयांत आहेत.

हौशी मंडळींची कथा निराळी आहे. फ्रान्सच्या फाबियां लेतुझे यांनी ‘फ्रूट’ ही आपली आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. २००५ साली जागतिक संगणक-बुद्धिबळ स्पर्धेत फ्रूटला दुसरा क्रमांक मिळाला. एवढी बलवान आज्ञावली आतून कशी असते, हे पाहण्याची संधी त्यामुळे सर्वांना लाभली. नॉर्वेचे टोर्ड रोमस्टाड यांनीही ‘ग्लाउरुंग’ नावाची आपली आज्ञावली अशीच खुली ठेवली होती. अट एकच : कोणीही ती घ्यावी व सुधारावी, मात्र सुधारलेली आज्ञावली इतरांस दिली, तर तिचे अंतरंगही खुले ठेवावे. इटलीचे मार्को कोस्टाल्बा यांनी ती घेतली व सुधारली. २००८ साली तिला ‘स्टॉकफिश’ हे नाव मिळाले. स्टॉकफिश म्हणजे सुकविलेला मासा. तो नॉर्वेत तयार होतो आणि इटलीत शिजतो!

२०१३ पासून स्टॉकफिशची परीक्षा घेण्यासाठी जगभरचे लोक आपले संगणक विनामूल्य देऊ लागले. कोणी बदल सुचविला की, जुनी आणि नवी आज्ञावली एकमेकींशी हजारो डाव खेळतात. नवी या कसोटीला उतरली, तरच तो बदल स्वीकारला जातो. सुचविणारा नामांकित आहे की नवखा, याचा तेथे विचार होत नाही. निवाडा पटच करतो.

२०१८ साली जपानचे यू नासू यांनी शोगीसाठी पटाचे मोल करण्याची एक नवी रीत शोधून काढली. मोहऱ्यांचे मोल माणसाने ठरवून देण्याऐवजी यंत्रानेच असंख्य मांडण्यांवरून ते शिकावे, अशी ती रीत होती. २०२० साली स्टॉकफिशने ती स्वीकारली आणि तिचे बळ एकदम वाढले. एकाच कुळातले दोन खेळ जगाच्या दोन टोकांना वाढले आणि एकाची विद्या दुसऱ्याच्या कामी आली.

आज घरातील साध्या संगणकावर चालणारी ही आज्ञावली डीप ब्लूहून कितीतरी बलवान आहे आणि ती कोणासही विनामूल्य मिळते. तिच्यात शॅनन यांचा विचार आहे, झोब्रिस्ट यांची खूण आहे, नासू यांची रीत आहे आणि ज्यांची नावे फारशी कोणी घेत नाही, अशा शेकडो माणसांचे श्रम आहेत. धन वाटले की कमी होते. ज्ञान मात्र वाटल्यानेच वाढते, याची साक्ष हा चौसष्ट घरांचा पट देत आहे.

स्वाध्याय

१. सर्व डाव तपासणे यंत्राला अशक्य का आहे?
२. वजिराच्या उदाहरणावरून यंत्राचे श्रम वाचविण्याची युक्ती स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. ‘निवाडा पटच करतो’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.