नणंद सरोगेट होऊ शकते का?

प्रश्न : गर्भाशयाच्या क्षयाने अस्तर खराब झालं, आयव्हीएफ वारंवार फसलं. माझं वय ३८. ३३ वर्षांची, एका मुलाची आई असलेली माझी नणंद सरोगेट व्हायला तयार आहे. चालेल का?

उत्तर : चालेल. २०२१च्या सरोगसी कायद्यानुसार सरोगेट विवाहित किंवा पूर्वविवाहित, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वर्षांची हवी. ती आयुष्यात एकदाच सरोगेट होऊ शकते. मोबदला देता येत नाही; वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा मात्र दांपत्याने उचलायचा. पत्नीची वयोमर्यादा २३ ते ५०, पतीची २६ ते ५५.

आधी जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला, मग न्यायदंडाधिकाऱ्यांचा पालकत्वाचा आदेश. तो जपून ठेवावा, बाळाच्या जन्माचा पुरावा तोच.

क्षयाने अस्तर गेलं तरी अंडाशयं अनेकदा काम करत असतात. त्यामुळे गर्भ दांपत्याच्याच बीजांचा असू शकतो. नणंदेचं स्त्रीबीज वापरायला कायद्याने मनाई आहे. तिला आधी अस्तर जाड करणाऱ्या गोळ्या, मग प्रोजेस्टेरॉन मिळतं. ते तेलातलं इंजेक्शन असेल, तर कमरेखाली गाठी येतात, बसायलाही दुखतं. हा त्रास तिला आधीच सांगायला हवा.

मुंबईच्या केईएममध्ये १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या देखरेखीखाली आयव्हीएफने हर्षा चावडा जन्मली, तेव्हापासून तंत्र खूप पुढे गेलं, पण सरोगेटच्या शरीरावरचा भार कमी झालेला नाही. म्हणून घरच्यांसमोर नव्हे, तर समुपदेशकाकडे नणंदेशी एकटीशी बोलणं व्हावं. गर्भ गर्भाशयात सोडेपर्यंत तिला नकार देता येतो, हेही तिला तिथेच कळावं.